सांता क्लाराची अंडी

सांता क्लाराच्या मठातल्या नन शहरात राहायला गेल्या, मठ संरक्षित स्मारक झाला, तरी गावातल्या नवऱ्यामुली तिथे अंडी आणून द्यायच्या काही थांबल्या नाहीत. लग्नात पाऊस नको असेल तर मठात अंडी द्यायची, आणि खाणाऱ्या ननने देणारीसाठी संतिणीला, म्हणजे सांता क्लाराला, साकडं घालायचं, असा रिवाज. आता ती अंडी पहारेकरी बेलार्मिनो घरी न्यायचा. साकडं मात्र कुणीच घालत नसे.

शनिवारी त्याच्याच लेकीचं, निएवेसचं, लग्न मठाच्या उघड्या चौकात होतं. आणि रेडिओ पाऊस सांगत होता.

"तंबू ठोकू द्या, बाईसाहेब," त्याने स्मारक खात्याच्या लेओकादियाबाईंना विनवलं.

"खुंट्या कुठे मारणार? पाचशे वर्षांच्या फरशीत?"

"मग दोऱ्या खांबांना बांधतो."

"खांबांवर देवदूत कोरलेत, बेलार्मिनो. त्यांना फास लावता?"

घरी बायको ओब्दुलिया कडाडली, "इतकी वर्षं लोकांच्या पोरींची अंडी हादडलीत. आता भोगा!"

"मी एकट्यानेच? तळत कोण होतं?"

"आपण तिघांनीही खाल्लीत," निएवेस म्हणाली. "माझी खायला आता बाहेरचंच कुणी हवं, बाबा."

दुसऱ्या दिवशी लेओकादियाबाई तपासणीला आल्या. ओब्दुलियाने त्यांच्यापुढे बटाटे घातलेलं जाडजूड ऑम्लेट ठेवलं. नको नको म्हणत बाईंनी दोनदा वाढून घेतलं.

"छान झालंय हो. अंडी कुठली?"

"निएवेसची," बेलार्मिनो म्हणाला. "संतिणीच्या नावाने काढलेली."

बाई याच गावच्या. रिवाज त्यांना ठाऊक होता. त्यांनी ताटली दूर सारली. "हा चक्क दगा आहे!"

"पण खुंटी एकही मारली नाही, बाईसाहेब."

शनिवारी बाई आमंत्रण नसताना आल्या आणि खांबाआड उभ्या राहून आभाळाकडे बघत पुटपुटू लागल्या. नवऱ्यामुलाने अंगठी निएवेसच्या बोटात अर्ध्यावर नेली, तिथेच ती अडकली, आणि टपोरे थेंब आले. पाहुणे कमानींखाली पळाले.

"अहो, जरा दम धरा की!" बाई वर बघून ओरडल्या. पाऊस वाढलाच. तशा त्या छत्री उघडून तरातरा चौकात गेल्या आणि ती निएवेसच्या डोक्यावर धरून उभ्या राहिल्या. स्वतःच्या केसांतून पाणी गळत होतं.

"भिजताय, बाईसाहेब," बेलार्मिनो कुजबुजला.

"गप्प बसा. अंडी मी खाल्लीत."

नवऱ्यामुलाने हळूच छत्रीखाली डोकं घातलं. बाईंनी त्याला कोपराने बाहेर ढकललं.

"तुम्ही दिली होतीत का अंडी?"