यंत्रात राहिलेला उजेड

मलकापूरच्या कापूस बाजारात माझ्या वडिलांच्या, म्हणजे भगवंतरावांच्या नजरेवर गाड्यांचे भाव ठरत. ते अडत्याकडे पारखी होते. गाडीतून मूठभर कापूस उपसायचा, उन्हात धरायचा आणि आत पिवळी कवडी, म्हणजे किडका कापूस, किती मिसळली आहे ते सांगून मोकळं व्हायचं. मग कोणी वाद घालत नसे. या नजरेचा त्यांना भारी तोरा. नाकावर माशी बसू देत नसत. माय म्हणायची, "कापसातली कवडी दिसते यायले, घरातलं मीठ सरलेलं दिसत नाई."

साखरेची बिमारी त्यांना बऱ्याच वर्षांची होती. पायाची जखम भरेना, तेव्हा ती कळली. त्यांनी जिलबी सोडली, कारल्याचा रस धरला आणि बिमारी गेली असं स्वतःच जाहीर करून टाकलं.

बहात्तरच्या सुमारास मुंबईचे एक डोळ्यांचे डॉक्टर आमच्या शाळेत शिबिराला आले. मी तिथेच मास्तरीण होते. त्यांच्याजवळ डोळ्याच्या आतल्या पडद्याचा फोटो काढणारं यंत्र होतं. साखरेच्या रोग्याला नीट दिसत असतानाच, पुढे कोणाचे डोळे जाणार आणि कोणाला उपचार लागणार, हे फोटोवरून आधी ओळखायचं, असा त्यांचा खटाटोप होता. मी बाबांना हट्टानं नेलं. आले तेही लेकीची चारचौघांत शोभा नको म्हणून.

खिडक्यांना घोंगड्या लावून वर्ग अंधारा केला होता. डॉक्टरांनी डोळ्यांत थेंब घातले, थोड्या वेळानं हनुवटी यंत्रावर टेकवायला लावली, आणि लख्खकन उजेड पडला. बाबा दचकून मागे सरले.

"अरे बाप्पा! डोयात वीजच पाडली ना राजेहो!"

डॉक्टर हसले. "थेंबांमुळे आज धुरकट दिसेल. घरीच बसा. उद्या सगळं ठीक होईल."

सांगितलेलं ऐकलं तर ते भगवंतराव कसले! दुपारी बाजारात हजर. भर उन्हात कापूस डोळ्यांसमोर धरला, तर पांढऱ्यावर पांढरं, बाकी काही दिसेना. दिसत नाही असं म्हणायला त्यांची जीभ वळत नव्हती. एक नंबरचा माल म्हणून त्यांनी गाडी पुढे सोडली. ती सरकी काढायच्या जिनात रिकामी केली तर आतून कवडीच कवडी. अडतीचे शेठ चार माणसांत हसले, "भगवंतराव, आता चष्मा घ्या बरं."

दुसऱ्या दिवशी त्यांना पहिल्यासारखं लख्ख दिसायला लागलं. पण मत झालं ते झालं. त्या यंत्रानं डोळ्यातला उजेड ओढून घेतला. "आता थोडा नेला, पुढच्या खेपेले सारा नेईल," असं त्यांनी बाजारभर सांगितलं. जे लोक त्यांच्या नजरेवर विश्वास ठेवत, त्यांनी यावरही ठेवला. चोर सोडून संन्याशाला फाशी!

दिवाळीनंतर डॉक्टर फोटो घेऊन परत आले, तेव्हा शाळेच्या वऱ्हांड्यात कुत्रंही फिरकलं नाही. बिचारे शेवटी आमच्या घरी आले. फोटोत केशरी गोल होता, त्यात मुळांसारख्या शिरा आणि एका जागी बारीक जाळं. डॉक्टरांनी त्या जाळ्यावर बोट ठेवलं.

"या नव्या शिरा आहेत, कच्च्या. आज तुम्हाला स्वच्छ दिसतंय, पण या कधीतरी फुटणार. डाव्या डोळ्याचा भरवसा देत नाही. उजवा मात्र वाचेल. मुंबईला या. तिथे प्रखर उजेडानं पडद्याला बारीक डाग देतात, म्हणजे पुढचं थांबतं."

"अजून उजेडच?" बाबा उसळले. "अन् डागता? मी काय बैल हाओ? मले दिसत नाई असं कोन म्हनते? त्या निंबावर किती चिमन्या बसल्या, सांगू?"

सांगितल्याही. बरोबर होत्या.

"अवो, जा ना," माय काकुळतीला आली. "गाडी तर इथूनच मुंबईले जाते. मले बी न्या संगं."

"बाबा, तवा ते थेंबानं झालं होतं," मी ओरडलेच. "उजेडानं काईच नेलं नाई. काऊन असं करता?"

"हातच्या कांकनाले आरसा कायले पाह्यजे पोरी?" एवढं बोलून ते बाजारात निघून गेले. मला इतका राग आला होता की बाप नसता तर हात धरून स्टेशनावर फरफटत नेलं असतं.

दारात डॉक्टर मला म्हणाले, "बाई, होळीपर्यंत घेऊन या. त्यानंतर मी नुसते फोटो काढू शकेन."

होळी आली आणि गेली. आखाडात बाबांच्या डाव्या डोळ्यात काळी जाळी उतरली. ती त्यांनी आमच्यापासून लपवली. दिवाळीत उजव्यातही उतरली. मग कपाळावर घण घालावेत अशा कळा सुरू झाल्या. त्या थांबल्या तेव्हा दिवस काय आणि रात्र काय, त्यांना सारखंच झालं होतं. शेठनं दुसरा पारखी ठेवला. बाबा ओट्यावर बसून गोधडीच्या उसवलेल्या टोकातून कापूस ओढत राहत.

संक्रांतीनंतर डॉक्टर पुन्हा आल्याचं कळलं, तेव्हा बाबा आपण होऊन म्हणाले, "कोकिळे, मले त्या यंत्राजवळ ने." बैल गेला आणि झोपा केला. तरी माझ्या वेड्या मनाला वाटलं, त्यांना उमगलं. त्यांनी दाढी करून घेतली, धुतलेली टोपी घातली. माय आणि मी दोन्ही बाजूंनी हात धरून त्यांना शाळेत घेऊन गेलो.

डॉक्टरांनी डोळे तपासले आणि माझ्याकडे बघून नाही अशी मान हलवली. बाबांनी हात जोडले होते.

"डाक्टरसाहेब, मी बाजारभर तुमची बदनामी केली. माफी द्या. पन माह्या डोयातला उजेड ह्याच यंत्रात हाय. तुमी नेला, तुमीच वापस घाला."

मी डॉक्टरांना म्हटलं, "काढा फोटो."

बाबांनी चाचपडत हनुवटी टेकवली. डोळे ताणून उघडे ठेवले. लख्खकन उजेड पडला. अंधाऱ्या वर्गात मायनं पदर डोळ्यांवर घेतला, माझेही डोळे दिपले. डॉक्टरांनी यंत्र दुसऱ्या डोळ्यावर सरकवलं. पुन्हा उजेड पडला.

बाबांची पापणीसुद्धा लवली नाही. हनुवटी तशीच टेकलेली होती.

"पाडा ना साहेब," ते म्हणाले. "आता नाई दचकत मी."