आठ म्हणजे आठ

मित्रांनो, मी दातांच्या दवाखान्यातली एक जुनी सळई आहे. काडीहून बारीक, टोकाशी वाकलेली, आणि अंगावर मिलिमीटरच्या काळ्या रेघा. दात आणि हिरडी यांच्या मधल्या फटीत मला हलकेच सोडतात. निरोगी फटीत मी तीनच्या पुढे जात नाही. गेले, तर समजावे की आतला आधार खचत चालला आहे.

मला घडवले तेव्हा माझ्या रेघांचे कोण कौतुक झाले! मला वाटले, आपला जन्म काही थोर मापांसाठी आहे. आणि नशिबी काय आले? माणसांची तोंडे! ताइनान शहरात देवळामागच्या गल्लीत आमचा दवाखाना. तिथे एकाहून एक खोटारडी तोंडे येत. "रोज दोनदा घासतो," असे छातीठोक सांगणाऱ्याच्या दाढेमागे मला परवाचा मासा भेटे. अशांचा राग तरी कशाला करायचा? तेवढीही त्यांची लायकी नाही.

आमचे काम असे चाले. डॉक्टर च्वांगबाई दाताभोवती सहा ठिकाणी मोजत आणि आकडा मोठ्याने सांगत. त्यांची मदतनीस बीयुन तो परत म्हणे आणि तक्त्यात लिही. रक्त आले तर लाल ठिपका, दात हलला तर वेगळी खूण, दातच नसला तर आडवी रेघ.

या बीयुनचे वडील चिनत्वान मास्तर. देवीच्या पालखीपुढे सनई वाजवत. सनई गोड, पण तोंड! सदानकदा चुना लावलेल्या सुपारीने लाल. हिरडीतून रक्त आले की म्हणत, "ब्रशच मेला कडक आहे," आणि नेमकी तेवढी जागा घासायचे सोडून देत. लेक दवाखान्यात नोकरीला, पण बापाने कधी पायरी चढली नाही. शेवटी एका मिरवणुकीत सनई ओठांत दाबताना खालचे दात हलले, सूर फाटला आणि माणसे फिदीफिदी हसली. तेव्हा कुठे स्वारी आली.

"सात," च्वांगबाई म्हणाल्या.

"सात," बीयुनने लिहिले.

"बघ पोरी, बापाला सात मार्क!" उघड्या तोंडानेच मास्तर बरळले.

"मास्तर, हे मार्क उलटे असतात. तीनच्या वर गेलात की नापास. आता बोलू नका, टोचेल."

मास्तरांची नजर छताला खिळली. मी खालच्या पुढच्या दातापाशी गेले. खाली उतरले, आणखी खाली. रक्त आले, मागोमाग पू आला. शी!

"आठ. रक्त. दात हलतोय."

बीयुन हळूच म्हणाली, "पाच."

माझ्या रेघा काय शोभेला होत्या? भित्रे हात मी पुष्कळ पाहिले, पण इतका भित्रा नव्हता पाहिला.

"मी आठ म्हटलं, बीयुन."

"बाई, बाबा ऐकतायत ना. ते गेल्यावर खरं लिहिते."

"आणि विसरलीस तर? मी पुढे आठाच्या आजाराला पाचाचा समजून औषध करू? दया दाखवायची तर घरी दाखव. इथे आठ म्हणजे आठ."

खुर्चीतून मास्तर गुरगुरले, "लिही गं. साथीदाराचा सूर उतरला तर मी कधी चढलाय म्हटलंय का?"

"आठ. रक्त. हलतोय," बीयुन मोठ्याने म्हणाली. शेवटच्या शब्दाला तिचा आवाज चिरकला.

खालचे पुढचे दोन दात काढावे लागले. बाकीच्यांची हिरडीखालची घाण खरवडून काढली. मास्तरांनी कुरकुरत का होईना, सुपारी सोडली. काही महिन्यांनी मला पुन्हा त्या तोंडात जावे लागले. तीन. तीन. चार. दोन. रक्त नाही. हिरड्या घट्ट झाल्या होत्या. मी चकित झाले, खोटे कशाला बोलू?

पुढच्या खिंडारापाशी च्वांगबाई थांबल्या. "दोन नाहीत."

बीयुनने निमूट आडव्या रेघा मारल्या.

"काय लिहिलंस? वाच ना मोठ्यांदा," मास्तर म्हणाले.

"बाबा, दात नाही तिथे आकडा नसतो."

मास्तरांनी त्या खिंडारातून जीभ फिरवली. कवळीवर वरचे सूर लागेनात म्हणून त्यांनी सनई शिष्याला दिली होती. पालखीपुढे आता ते झांज वाजवतात, मागच्या रांगेत.

पुढे रोजच्या निर्जंतुक करायच्या वाफेने माझ्या रेघा पुसट झाल्या आणि मला खणात टाकले. असो. तुमच्या तोंडांतून सुटले!

मित्रांनो, माझी तुमच्यावर माया नाही, तरी सांगते. हिरडीतून रक्त आले तर ब्रशला शिव्या देऊ नका. तिथेच हलक्या हाताने रोज घासा आणि दवाखाना गाठा. तिथे माझी एखादी बहीण तुमच्या तोंडात येईल. तिच्यापुढे बढाया मारू नका. तिला आत उतरून बघता येते.