व्हर्नाच्या कमरेचा रिव्हॉल्व्हर

मी एक जुना, आखूड नळीचा रिव्हॉल्व्हर आहे, मित्रांनो. माझ्या पोटात पाच गोळ्या मावतात आणि मोठ्या माणसाच्या मुठीत मी जवळजवळ झाकून जातो. कपड्यांच्या आत कुणाला न दिसता राहावे आणि वेळ आलीच तर माणसावर झाडले जावे, यासाठीच मला घडवले. हे ऐकायला बरे वाटत नसेल. पण स्वतःची कहाणी सांगायला बसल्यावर पहिलीच गोष्ट लपवून कसे चालेल?

माझा जन्म न्यू इंग्लंडमधल्या एका कारखान्यात झाला. त्या काळी पोलाद वापरताना कुणी हात आखडत नसे, म्हणून मी लहान असूनही वजनदार आहे. लायल नावाच्या राखणदाराने मला घेतले. तो ओक्लाहोमातल्या एका धान्यकोठारावर पहारा करी. रविवारी चर्चमधून आला की तो मला तेल लावून पुसत बसे. कुंपणावर ठेवलेल्या रिकाम्या डब्यांशिवाय त्याने माझ्याकडून कधी काही टिपले नाही. लायल गेला, आणि त्याच्या बायकोने मला टॉवेलात गुंडाळून इनेझच्या दुकानात आणून दिले. घरात नको, एवढेच ती म्हणाली.

इनेझ पूर्वी बायकांच्या तुरुंगात पहारेकरी होती. निवृत्त झाल्यावर तिने गावात बंदुकांचे आणि मासेमारीच्या सामानाचे दुकान काढले. दुकानामागच्या मैदानात ती नेमबाजी शिकवी. तिने मला काचेच्या कपाटात खालच्या फळीवर ठेवले. वरच्या फळ्यांवर हलकी, नवीन पिस्तुले येत गेली. काही आकाशी, काही गुलाबी. गिऱ्हाइके वाकून माझ्याकडे बघत, "हा अजून चालतो का?" असे विचारत आणि उत्तर न ऐकताच सरळ होत. अशी बरीच वर्षे गेली.

मग एके दिवशी व्हर्ना तिच्या मोठ्या भावाबरोबर, गार्लंडबरोबर, दुकानात आली. व्हर्ना घरोघरी जाऊन रुग्णांची सेवा करणारी नर्स होती. डोंगरातल्या कच्च्या रस्त्यांनी एकटीने गाडी चालवत जायचे, जखमा धुवायच्या, इंजेक्शने द्यायची आणि पुढच्या घरी निघायचे. तिच्या एका म्हाताऱ्या रुग्णबाईचे निधन झाले आणि तेव्हापासून त्या बाईचा मुलगा रॉयस तिच्या मागे लागला. ती ज्या घरी जाई त्या घराच्या वळणावर त्याचा ट्रक उभा असे. एकदा तिच्या गाडीत, सीटवर, फुले ठेवलेली होती. गाडीला कुलूप होते. पोलिसांनी सांगितले, त्याने काही केले तर कळवा.

"हे गुलाबी दे तिला," गार्लंड म्हणाला. "हलकं आहे, पर्समध्ये मावतं, दिसायलाही छान."

"तू वापरणार आहेस का?" इनेझने विचारले.

"मी? माझ्याकडे माझं आहे की."

"मग जरा तिकडे गळ बघत उभा राहा. मला हिच्याशी बोलू दे."

त्या पिस्तुलाचा वरचा भाग मागे ओढल्याशिवाय गोळी चढत नाही. रुग्णांना उचलून उचलून व्हर्नाच्या अंगठ्यांचे सांधे दुखरे झाले होते. तिने दात आवळून ओढले, तरी तो अर्ध्यावरच अडकला. इनेझने तो भाग ओढून दिला आणि तिला मागच्या मैदानात नेले. हलके पिस्तूल झाडताना हाताला सणसणीत हिसका देते. दोन बार झाल्यावर व्हर्ना चाप ओढण्याआधीच डोळे मिटू लागली.

"होईल गं सवय," गार्लंड लांबून ओरडला.

"नाही होत," इनेझ त्याच्याकडे न बघता म्हणाली. "ज्याची धास्ती वाटते ते माणूस सरावाला आणतच नाही. मग ते कपाटात पडून राहतं. पोरी, थांब जरा."

ती आत गेली आणि मला घेऊन आली.

व्हर्नाची बोटे माझ्या मुठीभोवती नीट बसली. तिचे बोट चापापर्यंत पोहोचले. गोळ्या भरायचे माझे चाक तिने स्वतः उघडले, स्वतः भरले. माझा चाप जड आहे, लांबवर ओढावा लागतो, पण माझ्या वजनात हिसका बराचसा जिरतो. तिने डोळे उघडे ठेवले. कागदावरच्या माणसाच्या छातीला भोके पडली.

"हा म्हातारा बरा आहे," ती म्हणाली.

"आता असं समज, कागदाच्या जागी रॉयस आहे. झाडशील?"

व्हर्नाने मला खाली ठेवले. "खरं सांगू? माहीत नाही मला."

"मग यावर घरी विचार कर. अन् उत्तर सापडेपर्यंत दर आठवड्याला सरावाला ये. आणखी एक ऐक. याला अंगावर बाळगायचं. बॅगेत नाही. बॅग आपण कुठेही ठेवतो आणि विसरतो."

अशा रीतीने माझी निवड झाली. पण नर्सच्या विजारीला कमरेत नुसते इलॅस्टिक असते. पहिल्याच दिवशी माझ्या वजनाने विजार खाली घसरू लागली आणि व्हर्ना आरशासमोर एकटीच हसत सुटली. मग तिने पोटावर बांधायचा रुंद, खिसा असलेला पट्टा आणला. त्यात मी ठीक बसलो. उन्हाळ्यात तिच्या कातडीवर वळ उठत, तरी ती मला काढत नसे.

पुढे काही महिने रॉयसचा ट्रक कुठे दिसला नाही. व्हर्नाची भीती ओसरली, पण पट्ट्याचा जाच तसाच राहिला. एका सकाळी तिने मला बॅगेत टाकले. दुसऱ्या दिवशीही तेच केले. नंतर ती रीतच झाली.

तिच्या रुग्णांत ऑर्व्हिल नावाचे एक आजोबा होते. एके काळी त्यांचे केस कापायचे दुकान होते. आता त्यांना माणसे ओळखू येत नसत. व्हर्नाच्या बॅगेत पेपरमिंटच्या गोळ्या असतात, हे मात्र त्यांच्या पक्के लक्षात होते. त्या दिवशी त्यांची मुलगी जेनेव्हा बाजारात गेली होती. व्हर्ना पाय धुण्यासाठी गरम पाणी आणायला स्वयंपाकघरात गेली आणि आजोबांनी पेपरमिंटसाठी बॅगेत हात घातला.

व्हर्ना पाणी घेऊन बाहेर आली तेव्हा मी त्यांच्या हातात होतो आणि माझे तोंड तिच्याकडे होते.

"कोण गं तू? माझ्या घरात कशी शिरलीस?"

"मी व्हर्ना, आजोबा. तुमचा पाय धुवायला आलेय."

"माझ्या पायाला काय धाड भरलीय? रूबी कुठे आहे?"

रूबी ही त्यांची बायको. ती केव्हाच वारली होती. आजोबांचे बोट चापावर आवळत गेले आणि माझे चाक फिरू लागले. मित्रांनो, त्या वेळी मला काहीही वाटले नाही. लायलचा हात, व्हर्नाचा हात आणि या आजोबांचा हात, यांतला फरक मला कळत नाही. चाप थोडा आणखी ओढला गेला असता तर मी माझे काम केले असते.

"रूबी मागे अंगणात आहे," व्हर्ना हळूच म्हणाली. तिने हातातले पाणी खाली ठेवले. "पेकान वेचतेय. म्हणाली, ऑर्व्हिलला सांग, ते टेबलावरचं भांडं रिकामं करून पाठव."

"मग मला हाक का मारली नाही?"

"मारली की. तुम्हीच ऐकलं नाहीत. द्या बरं मला ते भांडं. दोन्ही हातांनी उचला, जड आहे."

आजोबांनी टेबलाकडे पाहिले. पेकानच्या अक्रोडासारख्या फळांनी ते भांडे काठोकाठ भरले होते. त्यांनी मला मांडीवर ठेवले आणि दोन्ही हातांनी भांडे उचलून तिच्यापुढे धरले.

व्हर्नाने मला उचलून रिकामे केले. मग तिने आजोबांचे पाय धुतले. जेनेव्हा परत आली तेव्हा व्हर्नाला गप्प बसता आले असते. आजोबा सगळे विसरलेही होते. पण तिने जे घडले ते सांगितले, आणि रॉयसच्या भीतीने मला बाळगते हेही.

जेनेव्हाच्या हातातली पिशवी खाली पडली. "ते पुन्हा या घरात आणायचं नाही," ती म्हणाली.

"नाही आणणार. आणि मीही नको असेन, तर तसं सांग."

जेनेव्हाने पडलेली पिशवी उचलली. "तू ये. दुसऱ्या कुणाला ते पायाला हात लावू देत नाहीत."

त्यानंतर व्हर्नाने गाडीच्या सीटखाली एक लोखंडी पेटी घट्ट बसवून घेतली आणि तिची किल्ली गळ्यात घातली. बाकी वेळ मी पुन्हा तिच्या पोटावरच्या पट्ट्यात असे. जिथे लहान मुले असतील, जिथे भ्रमिष्ट माणूस असेल, तिथे मात्र मी पेटीत बंद.

पानगळीच्या दिवसांत एका दुपारी ती ऑर्व्हिल आजोबांच्या घरातून बाहेर पडली. मी पेटीत होतो. गाडीच्या दाराला कुणीतरी टेकून उभे होते.

"माझ्याशी का बोलत नाहीस गं?" तो रॉयस होता. "आईशी तर किती गोड बोलायचीस."

व्हर्नाची पावले थांबली. माझ्यापर्यंत यायचे तर त्याला ओलांडून यावे लागले असते. ती वळली. मग दारावर दणादण थापा ऐकू आल्या. "जेनेव्हा! दार उघड! रॉयस आलाय!"

जेनेव्हाने त्याला आधीच खिडकीतून पाहिले असावे, कारण दार लगेच उघडले. "आत ये तू," जेनेव्हाचा आवाज आला. "आणि तू रे, तुझं तोंड मी फोनमध्ये घेतलंय. पोलिसांनाही लावलाय."

तिच्या मागून आजोबा ओरडले, "बाई घाबरून दार बडवतेय आणि हा गडी गाडीला रेलून काय उभा आहे? हाकला त्याला!"

रॉयसने गाडीच्या टपावर मूठ आपटली आणि तो निघून गेला. या खेपेला साक्षीदार होते. न्यायाधीशांनी त्याला व्हर्नापासून लांब राहण्याचा हुकूम दिला. त्याने तो मोडला, तुरुंगात गेला आणि सुटल्यावर आर्कान्सामधल्या मामाकडे निघून गेला.

"त्या दिवशी कमरेला असता तर?" असे गार्लंड अजून म्हणतो. काय झाले असते, ते मलाही ठाऊक नाही. व्हर्ना अजून मला अंगावर बाळगते आणि इनेझकडे सरावालाही जाते.

माझी मूठ आता झिजली आहे, पण चाक नीट फिरते. मला पुसले नाहीत, तेल दिले नाहीत, तरी माझी तक्रार नाही. मागणे एकच आहे. मला माणूस ओळखता येत नाही, मित्रांनो. ज्याच्या हाती पडेन त्याचे मी ऐकतो. म्हणून ज्याने मला घरी आणले, त्याला मी या घडीला कुठे आहे हे ठाऊक असू द्या.