अर्लला न मोजता आलेले शॉट

मी एक यंत्र बोलतोय. बास्केटबॉलच्या रिंगखाली उभं राहायचं, पडणारा चेंडू जाळीत झेलायचा आणि खेळाडूकडे परत फेकायचा, यासाठी माझा जन्म. शिवाय मी मोजतो. किती टाकले, किती आत गेले. लमाँट पेटिफर्डने माझं नाव अर्ल ठेवलं, त्याच्या एका कुरकुऱ्या काकावरून. नाव चुकलं असं मी म्हणणार नाही.

लमाँटने मला विकत घेतलं ते व्यावसायिक लीगमध्ये खेळायला लागल्याच्या तिसऱ्या वर्षी. अमेरिकेतल्या डेटन शहरातल्या, त्याच्या लहानपणीच्या चर्चच्या व्यायामशाळेत मला आणून ठेवलं, कारण तिथली किल्ली त्याच्याकडे होती आणि सही मागायला कुणी येत नसे. तेव्हापासून चौदा उन्हाळे हा माणूस रोज सकाळी पाचशे चेंडू टाकत आला. माझे पट्टे दोनदा बदलले, त्याचा गुडघा एकदा.

यंदा तो सदतीस वर्षांचा, आणि संघाशी असलेला करार संपलेला. जून सरला की खेळाडूंचा बाजार उघडतो. पहिल्या दिवशी मोठे जातात, आठवड्यात मधले. मग म्हातारे फोनकडे बघत बसतात. ऑगस्ट लागला तरी लमाँटचा फोन गप्प होता. त्याला एकच हंगाम हवा होता. फोन वाजला नाही म्हणून निवृत्त झालो, हे त्याला कुणाला सांगायचं नव्हतं.

त्याची एजंट गेल ब्रुबेकर हिने मग एक शक्कल काढली. "शंभर टाक, मी शूटिंग करते." त्याने टाकले. चौऱ्याण्णव आत गेले. गेलने ती फिल्म सगळ्या संघांना पाठवली. "याहून मोठा पुरावा काय द्यायचा?"

कपाळ असतं तर मी हात मारून घेतला असता. अहो, रिकामी व्यायामशाळा, समोर कुणी नाही, आणि मी दर वेळी छातीच्या उंचीवर तसाच चेंडू देणार. इथे झाडू मारणाऱ्या हार्लननेही एकदा ओळीने अकरा आत टाकलेत. असल्या फिल्मा प्रत्येक संघाकडे ढिगाने येतात. पण या लोकांना आकडा दिसला की अक्कल गहाण.

तरी एका संघाने उत्तर दिलं. पश्चिमेकडचा, गुणतक्त्याच्या तळाला रुतलेला संघ. गेल हरखली.

"दोन वर्षं देतायत, लमाँट. तुझ्या वयाला दोन वर्षं कोण देतं?"

"दुसरं पक्कं आहे?"

"ते त्यांच्या मर्जीवर."

"मग एकच झालं की, गेल. कागद तेवढा लांब."

"सामने हरले तरी लोकांना तुझे लांबचे शॉट बघायचेत म्हणे. तिकिटं खपतील."

शुक्रवारपर्यंत उत्तर द्यायचं होतं.

गुरुवारी वेंडेल टार्किंग्टन आला. नऊ हंगाम दुसऱ्या संघातून लमाँटला अडवणारा, त्याच्या बरगड्यांत कोपरं मारणारा तो हाच. आता अजिंक्यपदाच्या मागे असलेल्या एका संघासाठी खेळाडू निवडतो. सोबत टॅब्लेटवर आकडे टिपणारा एक चष्मिष्ट होता. वेंडेलने मला पाहिलं आणि हार्लनला म्हणाला, "ही पेटी आधी बाजूला लाव."

अपमान झाला खरा. पण त्या उन्हाळ्यातलं पहिलं शहाणपणाचं वाक्य तेच.

कॉलेजची पोरं बोलावून पाच-पाच जणांचा खेळ लावला. तासाभरात लमाँटने चार शॉट घेतले, दोन आत गेले. चष्मिष्ट वैतागला. "वेंडेल, यात मी लिहू काय?"

मीही तेच म्हणत होतो. पण भिंतीकडून मला काही वेगळंच दिसायला लागलं. समोरच्या बाजूचा एक पोरगा त्याच्या शॉटच्या धास्तीने लमाँटला चिकटून होता, तिळभर हलत नव्हता. लमाँट नुसता कडेला उभा राहिला की मधली वाट मोकळी व्हायची आणि त्याचे साथीदार आरामात आत जायचे. त्याला दुसऱ्या बाजूने खेळवलं, तर ती बाजू जिंकायला लागली. चौदा वर्षं मी याचे चेंडू मोजतोय आणि मला हे ठाऊक नव्हतं. आता रागवायचं कुणावर?

खेळानंतर वेंडेल त्याच्याशेजारी बाकावर बसला. "एकच वर्ष. पैसे नियमातले कमीत कमी. कधी कधी तुला बाकावरून उठवणारही नाही."

"मग कशाला नेतोस? कीव आली?"

"कीव? अरे, माझ्या शेजारून तुझे साथीदार आत घुसायचे आणि आमचा कोच बोंबलायचा, मदतीला जा. जाणार कसा? तुला सोडला की मेलो. लोकांना तुझे शॉट आठवतात. मला तू न टाकलेले आठवतात."

लमाँटने टॉवेलने तोंड पुसलं. बाजूला उभी असलेली गेल पश्चिमेकडच्या संघाच्या दुसऱ्या वर्षाचं काही बोलू लागली, तेव्हा एवढंच म्हणाला, "राहू दे, गेल. यांच्याकडेच जातो."

आता हंगाम सुरू झालाय आणि मी सामानाच्या खोलीत असतो. चर्चच्या बायका माझ्या जाळीवर टेबलावर अंथरायची कापडं वाळत घालतात. माझी तक्रार नाही, म्हणजे आहे, पण ऐकतो कोण. हार्लन फरशी पुसताना रेडिओवर सामना लावतो. काल बारा मिनिटं लमाँटचं नावच आलं नाही, तसा तो चिडला. "खेळतोय तरी का हा?"

अरे, खेळतोय! कडेला उभा आहे. संघ चौदा गुणांनी पुढे गेलाय, तो काय आपोआप? मला तोंड नाही. तुम्ही तरी सांगा हार्लनला.