थोड्या वेळासाठी राखीव

लेखकाने बोलायचं नाही, हा नियम मावशीने मला थेट खोलीच्या दारात सांगितला. आधी सांगितला असता तर मी घरूनच निघाले नसते, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

"म्हणजे किती वेळ?" मी विचारलं.

"चर्चा संपेपर्यंत. ते तुझ्यासमोर तुझ्या लेखाबद्दल बोलतील, पण तू जणू तिथे नाहीसच. मान डोलवायची नाही, भुवया उडवायच्या नाहीत."

"आणि कुणी चुकीचं बोललं तर?"

"तर तू नीट लिहिलेलं नाहीस."

मावशी प्रोग्रॅमर आहे आणि अशीच बोलते. घरात मला टकळी म्हणतात, ते नावही तिनेच ठेवलेलं.

मेळावा होता सॉफ्टवेअरचे डिझाइन पॅटर्न लिहिणाऱ्यांचा. प्रोग्रॅम लिहिताना काही अडचणी पुन्हा पुन्हा आडव्या येतात. त्या सोडवायची जी चांगली रीत असते, तिला नाव द्यायचं आणि दुसऱ्याला वापरता येईल अशी ती लिहून काढायची, याला पॅटर्न म्हणतात. मग बाकीच्यांनी तो लेख वाचायचा आणि अगदी सोलून काढायचा. त्यातून जे टिकतात ते संग्रहात छापतात. मला त्या संग्रहात यायचं होतं. मावशीची भाची म्हणून नाही, माझ्या लेखाच्या जोरावर.

माझी अडचण शाळेतली होती. आमच्या विज्ञान मंडळाकडे दुर्बीण एकच, आणि ती घरी न्यायला नाव नोंदवण्याचं ॲप मी लिहिलेलं. पहिल्याच आठवड्यात दोन मुलींनी एकाच वेळी अर्ज भरला, दोघींनाही "मिळाली" असा निरोप गेला आणि त्या अजून एकमेकींशी बोलत नाहीत. मग मी ॲप बदललं. कुणी अर्ज उघडला की दुर्बीण थोडा वेळ तिच्यासाठी बाजूला ठेवायची, वेळेत अर्ज भरला नाही तर ती आपोआप मोकळी. नाव दिलं, "थोड्या वेळासाठी राखीव". आणि ही युक्ती याआधी कुणीही केलेली नाही, असं लेखाच्या सुरुवातीलाच ठणकावून लिहिलं.

खुर्च्या गोल मांडल्या होत्या. चर्चा चालवणाऱ्या निवृत्त प्राध्यापिकेला सगळे बाई म्हणत. लेखकाने आपल्या पसंतीचा एक परिच्छेद वाचायचा असतो. मी अर्थातच तो ठणकावलेला वाचला. मग बाईंनी खूण केली आणि मी खुर्ची मागे ओढून गोलाबाहेर बसले.

"आधी चांगलं सांगा," बाई म्हणाल्या.

संगणकावरचे खेळ बनवणाऱ्या एका ताईने नावाचं कौतुक केलं. मी मान डोलवली नाही. मग बँकेसाठी प्रोग्रॅम लिहिणारा एक लांबोडका माणूस म्हणाला, "लेख मजेदार आहे. लेखिकेने सिनेमाचं तिकीट मात्र कधी काढलेलं दिसत नाही."

सगळे हसले. माझे कान तापले. आमच्याकडे तिकिटं बाबा काढतात. मी फक्त सिनेमा ठरवते.

"खुर्ची निवडली की ती थोडा वेळ आपल्यासाठी अडवून ठेवतात," तो पुढे म्हणाला. "तेच हे."

"मग बरंच की," बाई म्हणाल्या. "कुणीच न केलेली गोष्ट पॅटर्न नसते, नुसती कल्पना असते. तिघांनी एकमेकांना न विचारता तीच रीत शोधली असेल, तर तो पॅटर्न. इथे उदाहरण एकच आहे."

मी ज्याची शेखी मिरवली होती, तीच माझी चूक निघाली.

"आणखी एक," बँकवाला म्हणाला. "माझे वडील एका बोटाने टाइप करतात. अर्ज अर्धा होतो, वेळ संपतो, सगळं पुसलं जातं आणि शिव्या मला बसतात. याचा हिने विचारच केलेला नाही."

केला होता. माझ्या ॲपमध्ये वेळ संपला तरी लिहिलेलं तसंच राहतं. उत्तर अगदी जिभेवर आलं, तोंडही उघडलं. समोर बसलेल्या मावशीने माझ्याकडे पाहिलं. डोळे वटारले नाहीत, नुसतं पाहिलं. मी तोंड मिटलं. ॲपमध्ये होतं, पण लेखात नव्हतं.

"या रूपात संग्रहात घेता येणार नाही," असं शेवटी ठरलं. बाई माझ्याकडे वळल्या. "आता काही विचारायचं असेल तर विचार. बाजू मांडायची नाही."

माझ्याकडे भलंमोठं भाषण तयार होतं. ते गिळून मी विचारलं, "दुपारी पुन्हा वाचाल?"

"शेवटची वेळ रिकामी आहे. पण शब्द इकडचे तिकडे करून आणलेस तर वाचणार नाही."

जेवणाच्या सुट्टीत मावशी म्हणाली, "आधी दोन घास खा, मग आपण मिळून लिहू."

"मिळून नको. तुझा लॅपटॉप दे फक्त."

मी आधी इमारतीतल्या खोल्या राखून ठेवायच्या संगणकाच्या पडद्यापाशी गेले. जिन्याजवळ भिंतीवरच होता तो. अर्ज अर्धा भरला आणि हाताची घडी घालून उभी राहिले. मागे रांग लागली. "बाळ, तुझं झालं का?" कुणीतरी विचारलं. "मी वेळ संपायची वाट बघतेय," मी म्हटलं. वेळ संपला, खोली मोकळी झाली आणि माझं लिहिलेलं सगळं गेलं. दुसरं उदाहरण सापडलं, दोषासकट. तिसरं खेळवाल्या ताईने दिलं. तिच्या खेळात एकाने तलवारीला हात लावला की थोडा वेळ ती दुसऱ्याला उचलता येत नाही. तिकिटं धरून चार झाली.

बँकवाला ताट घेऊन उभा होता. "काका, तुमच्या वडिलांना लेखात घेऊ?"

"घे. पण मला काका म्हणू नकोस, अजून सगळे केस काळे आहेत."

मग मी लिहायला बसले. वेळ संपला तर वस्तू सोडायची, माणसाचं लिहिलेलं सोडायचं नाही, असा नवा परिच्छेद घातला. सुरुवातीचं ठणकावलेलं वाक्य काढलं. माझं सगळ्यात झोकदार वाक्य होतं ते. जिवावर आलं, पण काढलं.

दुपारी मी नवा परिच्छेद वाचला आणि खुर्ची मागे घेतली. सकाळी नसलेल्या एका गृहस्थांनी विचारलं, "पण वेळ संपला की भरलेलं जातं का?"

बँकवाला पानावरून नजर न काढता म्हणाला, "चौथा परिच्छेद बघा. राहतं."

"वस्तू किती वेळ राखायची ते मात्र कुठेच नाही," खेळवाली ताई म्हणाली. "तलवारीला आणि खोलीला एकच वेळ कसा चालेल?"

"ते लिहून दिलं तर घ्यायचा?" बाईंनी विचारलं. हात वर झाले. मावशीचा सगळ्यात शेवटी, आणि तोही आधी चौथा परिच्छेद पुन्हा वाचून.

माझ्यानंतर कुणाचा लेख नव्हता, त्यामुळे लोक खुर्च्या आवरायला लागले. मी माझी सोडली नाही. लॅपटॉप मांडीवर घेतला आणि खेळवाल्या ताईला हाक मारली, "ताई, जाऊ नकोस. तलवारीला किती वेळ देतेस, आणि तेवढाच का, ते सांग."