उपाशी आलेला कंद

आमच्या लेकीने, नामोन्डोने, याउंदेहून बसने पार्सल पाठवलं आणि माझा नवरा, मोला लियोंगा, ते आणायला स्वतः बसच्या ऑफिसात गेला. मी बघतच राहिले. लेकीने कॉलेज सोडून काचेच्या टाक्यांत लावायची पाणरोपं विकायला सुरुवात केली, तेव्हा "गवत विकून कुणाचं भलं झालंय?" म्हणून याच माणसाने घर डोक्यावर घेतलं होतं. त्यानंतर ती बुएयाला, आमच्या घरी, फिरकली नव्हती. आता तिने स्वतः वाढवलेलं रोप बापाला धाडलं होतं. हे मेलं तर ती म्हणणार, पापांनी मुद्दाम मारलं.

खोका उघडला. आत कांद्याएवढा कंद आणि प्रवासात उकडून लिबलिबीत झालेली पानं.

"अगं, हे तर गेलं!" मोलांचा चेहरा उतरला.

"कंद घट्ट आहे. जरा दम धरा."

दम धरतील ते मोला कसले! मी बाजारात गेले तेवढ्यात त्यांनी, जन्मभर अळकुड्या लावल्या तसाच हा कंदही नामोन्डोने मागे ठेवलेल्या माशांच्या जुन्या टाकीत खोल गाडला, वर मूठभर कोंबडीखत टाकलं. मी परतले तर पाणी गढूळ आणि मासे वर येऊन तोंड वासतायत.

"खत कशाला हो?"

"लांबून उपाशी आलं होतं गं!"

मी मासे बादलीत घातले, पाणी बदललं. सडकी पानं कापली, कंदाचा मऊ पडलेला भाग खरवडला आणि कोंब फुटतो ती मान वाळूच्या वर राहील असा तो ठेवला. हात लावायचा नाही, अशी ताकीद दिली. तरी हे रोज सकाळी कंद उपटून मुळं फुटली का बघायचे. शेवटी मी टाकीवर फळी टाकून वर पाटा ठेवला.

शेजारच्या इया एवुनेने त्यांना टाकीपाशी वाकलेलं पाहून विचारलं, "कोण आजारी आहे?"

"लेकीचं आहे," ते हळूच म्हणाले.

तिचा फोन आला की "घरी नाहीत म्हणून सांग" अशा खुणा करायचे. मग एके दिवशी नखाएवढं कुरळं पान वर आलं आणि त्यांनी स्वतःच व्हिडिओ फोन लावून माझ्या हातात दिला. "धर नीट. तिला दिसू दे."

"पापा, मी पाठवलं तेव्हा खूप पानं होती."

"वारली." मग खताचंही कबूल करून टाकलं.

पलीकडे एकदम नामोन्डो खदखदून हसायला लागली. "कोंबडीखत? कुणी सांगितलं तुम्हाला?"

"सांगणारं घरात होतं कोण?" मोलांचा आवाज फाटला. "तू ये ना सांगायला."

हसू थांबलं. तिने नाक ओढलं.

"शनिवारची बस धरते. तोवर रोपाला हात लावू नका."

"नाही लावत," म्हणत मोलांनी दोन्ही हात पाठीमागे घट्ट बांधले.