सासूबाईंच्या बटणाचा दिवा

मी एक जुना पेन्सिल सेल आहे आणि मी संपलेलो आहे. मित्रांनो, ही दुसरी गोष्ट मी आधीच सांगून टाकतो, कारण ज्या घरात माझं आयुष्य गेलं तिथे ती कोणाच्याही गळी उतरली नाही.

कारखान्यातून निघालो तेव्हा मी असा नव्हतो. चकचकीत वेष्टनात, जोडीदाराला खेटून, ताठ बसलो होतो. पहिली नोकरी लागली भिंतीवरच्या घड्याळात. सावकाशीचं, मानाचं काम. सगळे माझ्या जिवावर वेळेवर उठायचे आणि कौतुक मात्र घड्याळाचं व्हायचं. चालायचंच. पुढे घड्याळ मागे पडू लागलं तेव्हा माझी बदली टीव्हीच्या रिमोटमध्ये झाली आणि माझे हाल सुरू झाले. चॅनल बदललं नाही की रिमोट तळहातावर थाडथाड आपटायचा. मला बाहेर काढून दोन्ही हातांत गरगर फिरवायचं, पुन्हा आत कोंबायचं. घरचे मालक पार्सलचा टेम्पो चालवतात. त्यांनी तर एकदा मला दाताखाली धरून चावून पाहिलं. काय बोलणार!

त्या घरात सेल टाकायचा नाही अशी रीतच होती. संपला की ड्रॉवरमध्ये, आणि अडलं की खिडकीत उन्हात. गरम झालो की आम्हाला जरा तरतरी येते, हे खरं आहे. पण ती घटकाभराची. तेवढ्यावर टेम्पोवाले छाती पुढे काढून म्हणायचे, "बघ, जिवंत आहे अजून! लोक उगाच फेकून देतात."

अशातच त्यांच्या सासूबाई घरी राहायला आल्या. घशाचं ऑपरेशन झालेलं. आवाज परत येईपर्यंत एक शब्दही बोलायचा नाही, अशी डॉक्टरांची ताकीद. उजवा हात सुयांनी सुजलेला, त्यामुळे लिहिण्याचीही सोय नाही. त्यांची मुलगी, म्हणजे टेम्पोवाल्यांची बायको, दिवसभर बाहेरच्या खोलीत मोटारीच्या मशीनवर शिवण शिवते. ती मशीन सुरू असली की शेजारी ढोल वाजवला तरी कळायचा नाही. मग आतल्या खोलीतून म्हातारीने हाक मारायची कशी?

टेम्पोवाल्यांनी मोठ्या हौसेने तोड काढली. सासूबाईंच्या डाव्या हाताशी बेलचं बटण, त्याच्याखाली दोन सेलची डबी, तिथून भिंतीच्या कडेने वायर, आणि मशीनच्या डोक्यावर एक छोटा पांढरा एलईडी. बटण दाबलं की दिवा लागणार. कल्पना झकास होती, यात वाद नाही. पण डबीत एक सेल कोरा करकरीत आणि दुसरा कोण, तर मी! काटकसर म्हणे. तो बिचारा नवा पुढे ओढायचा आणि मी मागे बसायचो.

दुपारी मला उन्हातून आणून बसवलं तेव्हा दिवा लागला. लेक मशीन सोडून धावत आली. सासूबाई हसल्या. टेम्पोवाल्यांचा तर पाय जमिनीला लागेना.

संध्याकाळी मी गार झालो आणि दिवा ढिम्म.

आता मला सांगा, दुपारी लागणारा दिवा संध्याकाळी लागत नाही, तर आधी कोणाला विचाराल? मला! पण नाही. त्यांनी एलईडीचे पाय उलटसुलट करून पाहिले. दुसरा एलईडी लावला, मग तिसरा. बटण खोललं, त्यातली स्प्रिंग उडून पलंगाखाली गेली, ती शोधण्यात अर्धी संध्याकाळ गेली. वायरचे सगळे जोड उसवून पुन्हा पिळले आणि टेप गुंडाळली. कुठलासा व्हिडिओ पाहून मध्ये एक रेझिस्टरही घातला. अहो, जोरदार बॅटरीने दिवा जळू नये म्हणून तो घालतात. इथे जोर होता कुठे?

शेवटी त्यांनी शेजारच्या इलेक्ट्रिशियनचा मीटर आणला. मला वाटलं, सुटलो! मला एकट्याला बाहेर काढून मीटर लावला. आकडा बरा आला. येणारच. आरामात बसलेल्याला तब्येत विचारली तर तो ठीकच सांगतो. दिव्याचं ओझं अंगावर घेऊन मोजलं असतं तर माझी मोडलेली कंबर दिसली असती.

"सेल उत्तम आहे," त्यांनी जाहीर केलं. "गडबड वायरमध्येच आहे." मी कपाळाला हात लावला असता, पण मला हातही नाही आणि कपाळही नाही.

त्या घरात एका माणसाला मात्र सगळं कळत होतं. सकाळी मला उन्हात ठेवायचे ते सासूबाईंच्याच खिडकीत. मी उन्हातून डबीत गेलो की लेक येते आणि संध्याकाळी कितीही दाबलं तरी येत नाही, हे पडल्या पडल्या त्यांच्या ध्यानात आलं होतं. त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. लेक म्हणाली, "ऊन लागतंय का आई?" आणि तिने पडदा ओढला. दुसऱ्यांदा बोट दाखवलं तर पडदा उघडून खिडकी लावून घेतली. सासूबाईंनी डोळे मिटून घेतले. आम्हा दोघांचीही गत सारखीच होती.

मग ती संध्याकाळ आली. बाहेर मशीन धडधडत होती. सासूबाईंना तहान लागली आणि ग्लास हाताला येईना. त्यांनी बटण दाबलं. पुन्हा दाबलं. त्यांचं प्रत्येक दाबणं माझ्या अंगातून जात होतं आणि मला त्यातलं काहीही पुढे नेता येत नव्हतं. मित्रांनो, इतका नालायक मी स्वतःला कधीच वाटलो नव्हतो. शेवटी त्या एकट्याच उठायला गेल्या आणि पलंगाच्या कडेवरून खाली घसरल्या.

टेम्पोवाले कामावरून आले तेव्हा त्या जमिनीवर बसलेल्या होत्या. हाड मोडलं नव्हतं, पण डोळ्यांतून पाणी वाहत होतं. लेक धावत आली आणि आईला धरून रडली. मग नवऱ्यावर उखडली, "नको तो तुमचा दिवा! मी मशीन बंद करून इथेच बसते. शिवण गेली खड्ड्यात!"

"वायरच बदलतो आता," ते पडेल आवाजात म्हणाले आणि त्यांनी डबी उघडली. तोच सासूबाईंनी डावा हात घालून मला उपसलं आणि असं काही भिरकावलं की मी कपाटावर आपटून दारापाशी गेलो. मग नव्या सेलवर बोट ठेवलं आणि दोन बोटं वर केली.

टेम्पोवाले तसेच दुकानात गेले, अगदी माझ्या शेजाऱ्यासारखा दुसरा नवा सेल घेऊन आले आणि तो बसवला. बटण दाबताच बाहेर मशीनवर लख्ख उजेड पडला. लेकीने डोळे पुसले.

आता तरी माझी सुटका व्हावी ना? टेम्पोवाल्यांनी मला दाराजवळून उचललं, इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच खिशात घातलं. "घड्याळाला चालेल," असं पुटपुटतही होते. ते बाहेरच्या खोलीत पोचतात न पोचतात तोच दिवा लागला. दोघंही धडपडत आत धावली.

"काय झालं, आई?"

सासूबाई शांत पडून होत्या. त्यांनी हात उचलला आणि बोट थेट जावयाच्या खिशाकडे केलं. या वेळी दोघांनीही बोटाच्या दिशेने पाहिलं.

आता मी दुकानात टाकाऊ सेल जमा करतात त्या खोक्यात आहे. इथे कोणी मला आपटत नाही, चावत नाही. मित्रांनो, माझी विनंती एवढीच आहे. संपलेल्याला संपलेला म्हणा, आणि त्याला नव्याच्या गळ्यात बांधू नका. आणि घरात कोणाला बोलता येत नसेल, तर त्याला काय हवंय ते तुमचं तुम्ही ठरवू नका. जरा थांबा आणि तो काय दाखवतोय ते पाहा.